आमाऊतीतला वरवंटा

मे महिन्यात तलासरीला अंगावर ओढणीसुद्धा नकोशी होते. त्या महिन्यात मी आठवड्यातून दोनदा बर्फात घालायचा कोट चढवून उभी राहायचे. कोणी विचारलं, ‘तू कंपनीत काम काय करतेस गं?’ तर मी सांगायचे, ‘थंडीत उभी राहते.’ विचारणारीला वाटायचं, मी टोमणा मारतेय. टोमणा होताच, पण खोटं नव्हतं.

हायवेला लागून कपड्यांची एक कंपनी आहे. तिथे मी चेकर होते, म्हणजे शिवून आलेल्या कपड्याचे लोंबते धागे कापायचे आणि टाका सुटला असेल तर परत पाठवायचा. एके दिवशी सॅम्पल रूमच्या मास्तरांनी माझ्या खांद्याला टेप लावली आणि त्यांना सोन्याची खाण सापडल्यागत झालं. परदेशातल्या मिडियम साइजचे खांदे म्हणे असेच असतात. देवाने मला रूप दिलं नाही, माप दिलं. तेव्हापासून कोणताही नवा कपडा शिवला की आधी तो माझ्या अंगावर चढायचा. मास्तर टाचण्या तोंडात धरून माझ्याभोवती फिरायचे, सॅम्पलची मॅडम फोटो काढायची, आणि मी भिंतीकडे बघत उभी राहायचे. बोलायचं नाही, वाकायचं नाही, श्वास बेताने घ्यायचा. पण खुर्चीवर वाकून धागे कापण्यापेक्षा ते बरं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराही होता.

मी चिखल्याला राहायचे, अजूनही राहते. माहेर डहाणू गावातलं, सासर चिखल्याचं. नवरा होडीवर, गेला की चार-पाच दिवस तोंड दिसत नाही. सासू बोंबील सुकवते. घरापुढे बांबूच्या वलांडी उभ्या आहेत, त्यांवर बोंबील लटकत असतात, आणि सासू त्यांच्यामधून फिरत असते. माझा नवरा तिला फार उशिरा झाला, एकुलता एक. त्यामुळे त्याच्यावर तिचा जीव, आणि त्याच्या बायकोवर तिचा पहारा.

त्या वर्षी मास्तरांच्या टेबलावर एक वेगळाच कोट आला. आला म्हणजे त्याचा नमुना आला, बरोबर कागदाचा पॅटर्न. मागे भली मोठी टोपी, टोपीच्या कडेला केसांची जाड झालर, पाठीवर फुगलेली पिशवी, मागून गुडघ्याखाली लोंबणारी शेपटी, पुढे छोटा पदर. चेन नाही, बटण नाही. डोक्यावरून घालायचा. आमच्या लाइनीतल्या बायकांनी त्याचं नाव लगेच ठेवलं, अस्वल. ‘अस्वल आलं का गं फिटिंगला?’ असं मला रोज विचारायच्या.

ज्या बाईची ती ऑर्डर होती ती मोबाइलच्या पडद्यावर यायची. कॅनडाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे झाड उगवत नाही, तिथली ती राहणारी. इन्युइट लोकांतली. आमच्याकडे सकाळ असायची तेव्हा तिच्याकडे रात्रीचं जेवण झालेलं असायचं, तरी तिच्या खिडकीबाहेर उजेड आणि बर्फ. पन्नाशीची असेल, गोल चेहरा, आणि हसली की डोळे दिसेनासे व्हायचे. तिच्या गावाकडच्या आयांना पुरतील एवढे कोट हाताने शिवून होत नव्हते, म्हणून वरचा पाणी न शिरणारा भाग आमच्याकडून शिवून हवा होता. झालर ती तिकडेच लावणार होती, खऱ्या कातड्याची, आपल्या हातांनी. आमच्या नमुन्याला आम्ही नुसती नकली लावली होती.

पहिल्याच दिवशी मॅडम त्याला जॅकेट म्हणाली. पडद्यावरची बाई हसायची थांबली. जॅकेट नाही, म्हणाली, आमाऊती. मॅडमकडून तिने तीनदा म्हणवून घेतलं, मग मास्तरांकडून, मग माझ्याकडून. पाठीवरची पिशवी ती आमाऊत, तिच्यात बाळ बसतं. मागची शेपटी आकुक. पुढचा पदर किनिक. आत घालायचा, केस अंगाकडे असलेला कोट आतिगी. आणि झालर शोभेची नाही, हे तिने बोट उगारून सांगितलं. वारा सरळ तोंडावर येत नाही, श्वासाचं दव तिच्यावर गोठतं, आणि हाताने झटकलं की पडतं. मास्तर उंबरगावचे, गुजराती. ते प्रत्येक शब्दाला ‘हां बेन, हां बेन’ म्हणायचे आणि फोन बंद झाला की शेपटीला शेपटीच म्हणायचे.

मला मात्र ते शब्द आवडले. बसमध्ये मी ते मनात म्हणत बसायचे. आपल्याकडे बाळाला कुंची घालतात, डोक्यावरून पाठीवर येणारी, कडेला जरीची पट्टी. त्यांच्याकडे आईलाच कुंची घालतात आणि बाळ तिच्या आत. एवढं सोपं होतं ते. हे मी डहाणूजवळच्या कैनाड गावच्या माझ्या मैत्रिणीला सांगितलं. ती शेतकऱ्याच्या घरातली, ओव्हरलॉकच्या मशीनवर बसायची आणि जेवताना आम्ही एकाच डब्यात हात घालायचो. ती म्हणाली, ‘आमची आजी कापडात बांधून पाठीवर पोर घेऊन भात लावायची. तिला कोणी कॅनडाला नाही नेली.’

आता गोष्टीचं खरं सांगते. त्या मे महिन्यात मला दिवस गेले होते आणि ते कोणालाही सांगायचं नव्हतं.

याआधी दोनदा दिवस राहिले होते. दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नाही. घरातल्या तिघांशिवाय कोणाला कळलं नाही. माझ्या आईलाही नाही, कारण सासूने तसं ठरवलं होतं. पोटातलं पाच महिन्यांचं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नजर लागते. बाळासाठी नवं कापड घरात आणायचं नाही, जन्मल्यावरही पहिलं अंगडं कोणाच्या तरी जुन्या धुवट लुगड्याचं. तिन्हीसांजेला खाडीच्या बाजूला जायचं नाही. वाळत घातलेलं जाळं ओलांडायचं नाही. दोनदा गेल्यावर या नियमांना धार आली. मी खोकले तरी सासू बघायची. न्हाणीघरात जास्त वेळ लागला की दाराबाहेर तिची चाहूल यायची. आणि वर हेही की कामावर जाणं सोडायचं नाही, कारण सोडलं तर लोक विचारतील का सोडलं. मी अशी मधोमध अडकले होते. घरात राहिले तर संशय, बाहेर गेले तर धोका.

नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, ‘आई सांगते तसं कर ना, तिला कळतं.’ तिला कळतं, समुद्राला कळतं, तुला काय कळतं? असं मी एकदा म्हणाले. तो होडीवर निघून गेला. त्याचं ते बरं असतं, होडी असते.

तर फिटिंग. कोट घातला की पडद्यावरची बाई सांगायची, चालून दाखव, वाकून दाखव, डुलून दाखव. बाळ पाठीवर असलेली आई उभी राहत नाही, झुलते, ती म्हणायची. मी झुलायचे. पाठीवर ती रिकामी पिशवी हलायची. पहिल्याच दिवशी मला एक पाळणा आठवला. डहाणूला आमच्या शेजारी बारसं होतं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन, बारशाआधी खेळता खेळता मी रिकामा पाळणा ढकलला आणि आजीने मला अशी थोबाडीत मारली होती की कान गुणगुणला. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं. हे मराठी घरातल्या कोणाही पोरीला शिकवावं लागत नाही, एका थपडेत येतं. आणि इथे मी पोटात पोर घेऊन, पाठीवर पाळणा बांधून तो हलवत होते. तोही एकदा नाही, मॅडमने ‘वन्स मोअर’ म्हटलं की पुन्हा.

मी शिकलेली आहे, बारावी पास. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगते. पण दोनदा रिकामी झालेली बाई चारचौघांत नसते. मी नाही म्हणू शकत नव्हते, कारण नाही म्हटलं की का, आणि का याचं उत्तर द्यायचं नव्हतं. दुसरं असं, की पोटुशी बाईचं माप कोण ठेवेल? मग पुन्हा धागे कापायचे. त्याचीही भीती होती, ती नाही म्हणून कसं चालेल.

शेवटी मी आपल्या अक्कलहुशारीने तोड काढली. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात काय ठेवतात? वरवंटा. त्याला न्हाऊ घालतात, टोपडं घालतात, गोविंद घ्या गोपाळ घ्या करत पाळण्याखालून-वरून फिरवतात, म्हणजे पाळणा रिकामा राहत नाही आणि जी काय पीडा असेल ती दगडावर जाते. तर मी घरातला वरवंटा उचलला. नवऱ्याच्या जुन्या लुंगीत गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. गेटवरच्या वॉचमनने पिशवी चाचपली.

‘बेन, दगड कशाला?’

‘चटणी वाटायला.’

‘कंपनीत?’

‘कॅन्टीनची चटणी खाल्लीयस का तू?’

त्याने सोडलं.

फिटिंगच्या वेळी मी वरवंटा लुंगीसकट आमाऊतमध्ये ठेवला. मॅडमला वाटलं, मी वजनाची सोय केली. ‘अरे वा, स्मार्ट!’ म्हणाली. पडद्यावरची बाईही खूश, आता कोट कसा बसतो ते दिसेल. पोटावरून पाठीकडे एक पट्टा जायचा, तो बाळाच्या बुडाखाली येतो आणि बाळ खाली घसरत नाही, तो तिने घट्ट बांधायला लावला. मी झुलले. दगड पाठीला लागत होता, जड आणि थंड. मला बरं वाटलं. कोणी हसो की रडो, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. घरी सासू दोन दिवस वरवंटा शोधत होती. मी म्हटलं, शेजारणीने नेला असेल. तिने शेजारणीचा उद्धार केला आणि मिक्सरवर वाटण वाटलं.

मास्तरांना मात्र त्या कोटाचे खांदे सहन होत नव्हते. फार ढगळ. आयुष्यभर त्यांनी खांदे बसवले होते, आणि हा पॅटर्न बघून त्यांना झोप येत नव्हती. ‘खांदा असा लटकतो काय बेन? मला तर आ भूल वाटते.’ आता ज्याने तीस वर्षं चुका सुधारल्या त्याला ढगळपणा ही चूकच वाटणार. बाईला न विचारता त्यांनी दोन्ही खांदे आत घेतले, बगल वर उचलली आणि कोट अंगाशी बसेल असा केला. शेवटचं फिटिंग होतं, त्यानंतर तो नमुना त्याच दिवशी कुरियरने तिकडे जाणार होता. तिला चकित करायचं, असा त्यांचा बेत.

त्या दिवशी सकाळी मी कोट घालताना हात कसेबसे आत गेले. महिनाभरात छाती भरून आली होती, तेही एक होतंच. मॅडमने पट्टा आवळून गाठ मारली. फोन लागला. बाई पडद्यावर आली, आणि तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडे लाईट गेली की जनरेटर मशीनच्या लाइनीवर जातो, सॅम्पल रूमचा एसी बंद. मोबाइल चालू होता म्हणून फिटिंग चालू. मी चालले, वाकले, झुलले. त्या खोलीला खिडकी नाही. दहा-बारा मिनिटांत घाम डोळ्यांत उतरला. नकली झालर गालाला चिकटली, केस तोंडात जायला लागले. मी म्हटलं, काढते आता. मॅडम म्हणाली, हो हो काढ. मी हात वर केले आणि ते वरच राहिले.

कोटाचे खांदे बगलेत रुतले होते. कोट छातीपर्यंत वर आला आणि तिथे अडला. डोकं टोपीत गेलं, समोर अंधार, नाकाशी केस. पट्ट्याची गाठ घामाने भिजून दगडासारखी झाली होती, आणि खरा दगड पाठीमागे लोंबून गळा मागे खेचत होता. मी आतून म्हटलं, ‘अडकलंय.’ बाहेर कोणी ऐकलं नसावं. मास्तरांनी शेपटी धरून वर ओढलं. मॅडमने बाही ओढली. आवाज ऐकून लाइनीतल्या बायका दारात आल्या, त्यातल्या दोघींनी माझी कंबर धरली, म्हणजे मी हलू नये. एक जण म्हणाली, ‘जोर लावा मास्तर, बाळंतपण आहे का हे?’ आणि सगळ्या हसल्या.

कोणाचा तरी कोपर माझ्या पोटाला लागला. फार जोरात नाही. पण मला आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. तसं काही झालं नव्हतं, नंतर कळलं. पण त्या अंधारात, तोंडात केस, हात वर बांधल्यासारखे, मी तिसऱ्यांदा तेच होतंय असं समजले आणि जिवाच्या आकांताने ओरडले.

‘ओढू नका! पोटाला लावू नका हात! मला दिवस गेलेत!’

ओढणारे हात सुटले. मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते श्वास ऐकू येत होते. मग मॅडमचा आवाज आला, ती फोनवर इंग्रजीत घाईघाईने काहीतरी सांगत होती. पलीकडून बाई दोनच शब्द म्हणाली, तेवढं इंग्रजी मला समजलं. कट इट.

मास्तर म्हणाले, ‘पण बेन, आज कुरियर...’ बाईने तेच पुन्हा म्हटलं, या वेळी तिचा आवाज चढला होता. कैनाडच्या माझ्या मैत्रिणीने मास्तरांच्या हातात कात्री दिली. थंड पातं माझ्या मानेजवळून खांद्यावरून गेलं आणि कोट दुभंगून खाली पडला. त्याच्याबरोबर वरवंटा फरशीवर आपटला. कोणी विचारलं नाही की हे काय. बायकांना न विचारता कळलं असावं. मैत्रिणीने तो उचलला, लुंगीत गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पडद्यावरची बाई थांबली होती. मॅडमने तिचं बोलणं मराठीत सांगितलं. खांदे ढगळ असतात ते मुद्दाम. बाहेर वारा असतो तेव्हा आई हात बाहीतून आत घेते आणि पाठीवरचं बाळ कोटाच्या आतून फिरवून छातीशी आणते, दूध पाजते, पुन्हा पाठीवर नेते. बाळाला थंडी लागू देत नाही. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग ती म्हणाली, तिच्या आजीने तिच्या आईसाठी आमाऊती शिवली होती, ही बाई स्वतः आईच्या पोटात असताना. जन्माच्या कितीतरी आधी. मी मॅडमला म्हटलं, त्यांना सांगा, आमच्याकडे तसं चालत नाही. मॅडमने सांगितलं की नाही, माहीत नाही. बाईने हात हलवला आणि फोन बंद झाला.

कोणी मला कामावरून काढलं नाही. ती भीती फुकटची निघाली. कोट नव्याने शिवला, ढगळ खांद्यांचा, आणि मापाला माझ्या जागी मैत्रीण उभी राहू लागली. मला चेकिंग टेबलाशी पंख्याखालची खुर्ची मिळाली. लाइनीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत लोणचं, चिंच, कच्ची करवंदं आणून टेबलावर ठेवायच्या. मी दटावायचे, ‘मी काय देवी आहे का गं?’ पण खायचे.

घरी मात्र बातमी माझ्या आधी पोचली होती. बसमधली कोणी तरी घोलवडच्या बाजारात बोलली, तिथून ती चिखल्याला आली. मी दारात चप्पल काढत होते तेव्हा सासू वलांडीखाली बसून होती.

‘सगळ्या कंपनीला सांगून आलीस?’

‘अडकले होते, आई. श्वास कोंडला होता.’

‘कोंडला तर कोंडला. तोंड आवरायचं होतं गो.’

पिशवीतून मी वरवंटा काढून पाट्यावर ठेवला. ती बघत राहिली. पुढे किती तरी दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. ताट वाढायची, पाणी तापवून द्यायची, पायाला तेल लावायची, पण शब्द नाही. असा पहारा आधीच्या पहाऱ्यापेक्षा वाईट. आता मी तिच्या नियमांत नव्हते, तिच्या भीतीत कोंडली गेले होते, आणि तिथे दार कुठे आहे हे तिलाही माहीत नसावं.

तिसरा महिना गेला, चौथा गेला. पाचव्यात बाळ हललं. ते मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं. तिने माझ्या पोटावर हात ठेवला, तोंड फिरवलं आणि पावसाळ्यासाठी भरलेली सुक्या बोंबलांची पोती बघायला निघून गेली. मला वाटलं, आता सुटले.

श्रावणात, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या तेव्हा, सहाव्या महिन्यात ते गेलं.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, तुमची काही चूक नाही, कारण सांगता येत नाही. मुलगी होती. मी विचारलं नव्हतं, नर्सने सांगितलं. मला त्या कोपराची आठवण आली, रिकामी पिशवी हलवली त्याची आली, आणि दगड आठवला. पोराच्या जागी मीच दगड ठेवला होता का? मी त्या दगडाला दोष देत नाही, असं मला लिहायचं होतं. पण देते. अजूनही कधी कधी देते, आणि मग स्वतःवरच चिडते.

घरी आले. नवरा समुद्रावर होता, त्याला वायरलेसवर कळवलं होतं, पण यायला अजून चार दिवस होते. सासूने दार लोटून घेतलं. असल्या मरणाला आमच्याकडे सुतक नाही, दहावं नाही, भेटायला येणं नाही. जन्मलंच नाही ते मेलं कसं? आधीच्या दोन वेळी मी तिसऱ्या दिवशी कामावर गेले होते आणि बसमध्ये मला कोणी तरी म्हणालं होतं, ‘काय गं, बरी दिसतेस.’ या वेळीही तसंच होणार हे मी धरून चालले होते. अंथरुणावर पडून मी पत्र्याचे खिळे बघत होते. सासू ओट्यावर पाठमोरी बसलेली. ‘मी सांगत होते’ असं ती म्हणेल, याची मी दोन दिवस वाट बघितली. ती म्हणाली नाही, तेही मला सोसवेना.

रविवारी सकाळी घरापुढे एक इको गाडी थांबली, तिच्यामागे दुसरी. त्यातून आमच्या लाइनीच्या बायका उतरल्या. ओव्हरलॉकवाल्या, बटणवाल्या, फिनिशिंगच्या, कैनाडची मैत्रीण सगळ्यांच्या पुढे. हातात डबे. मास्तर खाली उतरले नाहीत, गाडीतच बसून राहिले, पण आले होते.

सासू दारात आडवी झाली. ‘कशाला आलात? हे असं बघायला येत नाहीत.’

मैत्रीण म्हणाली, ‘माहीत आहे आई. आमच्याकडे पण येत नाहीत.’

‘मग?’

‘मग काय. आम्हाला ठाऊक होतं ना ती पोटुशी होती ते. ठाऊक असल्यावर घरी कसं बसायचं?’

सासू बाजूला झाली. बायका आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या. जागा पुरेना म्हणून ओट्यावर बसल्या. डबे उघडले, भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी जेवण आणतात, तसं त्यांनी आणलं होतं. ते अन्न बघितलं आणि मला पहिल्यांदा समजलं की माझ्या घरी कोणी तरी मेलं आहे. मी रडले. आधीच्या दोघांचंही त्यातच रडले. मैत्रीण माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ज्या बाईने सॅम्पल रूमच्या दारात बाळंतपणाची थट्टा केली होती, ती माझे पाय दाबत होती आणि स्वतःच रडत होती. मी ओरडले नसते तर यातलं कोणी आलं नसतं. एवढी एक गोष्ट मला त्या दिवशी नक्की कळली, बाकी कशाचंच कारण कळलं नाही.

सासू कोपऱ्यात बसली होती, गुडघ्यांत हनुवटी, कोरडी. तिच्या हातात कोणी तरी भाकरीचा तुकडा दिला होता, तो तसाच.

दुपार झाली. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. बायका डबे गोळा करत उठू लागल्या, पदर झटकले, चपला शोधल्या. तेव्हा सासूने हात लांब केला आणि मैत्रिणीचं मनगट धरलं.

‘जरा अजून बसा गो,’ ती म्हणाली. ‘माझी पण चार रडायची राहिलीत.’

मैत्रिणीने गाडीवाल्याला हाताने थांब म्हणून खूण केली, आणि बायका पुन्हा खाली बसल्या.